डब्यावरचे नाव : एका स्वतंत्र मराठी चित्रपटातील समलिंगी प्रेम आणि उसना घेतलेला तपशील

पार्श्वभूमी

हे प्रकरण कमी खर्चात, स्वतंत्रपणे उभ्या केलेल्या एका मराठी कथाचित्रपटाचे आहे. पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावालगत राहणाऱ्या दोन पुरुषांचे अनेक वर्षांचे प्रेम हा त्याचा विषय. या चित्रपटावर मी २०२२ पासून पटकथा-साहाय्यक म्हणून काम केले. संशोधनाच्या मुलाखती, त्यांची टिपणे आणि संमतिपत्रे माझ्याच ताब्यात होती, त्यामुळे पुढे जे चुकले त्यातील मोठी जबाबदारी माझी आहे, हे आधीच नोंदवते.

ज्या दोघांच्या आयुष्यावर पटकथेचा बराच भाग आधारलेला आहे, त्यांना या लेखात थोरला आणि धाकटा असे म्हटले आहे. दोघेही चाळिशीच्या आसपासचे. चित्रपटात बदललेले त्यांचे तपशील येथे पुन्हा एकदा बदलले आहेत. ज्या डब्याभोवती हे प्रकरण फिरते तो डबादेखील मूळ वस्तू नव्हे. घरात तेच स्थान असलेली दुसरी वस्तू मी लेखापुरती घेतली आहे. लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी दोघांनी तो वेगवेगळा वाचला आणि दोघांनी सुचवलेली वाक्ये वगळली आहेत.

आम्ही लिहायला बसलो तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर प्रकरणात दिलेल्या निकालाला चार वर्षे झाली होती. प्रौढांमधील संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिला नव्हता. पटकथेचा तिसरा खर्डा चालू असताना, १७ ऑक्टोबर २०२३ रोजी, घटनापीठाने विवाहाचा मूलभूत अधिकार नसल्याचे सांगून समलिंगी जोडप्यांच्या विवाहाचा प्रश्न संसदेकडे सोपवला. दिग्दर्शकाला वाटले होते की या दोन तारखांचा मुलाखतींमध्ये काहीतरी पडसाद उमटेल. थोरल्याने पहिला निकाल टीव्हीवर पाहिला होता; त्या वेळी घरात भाऊ-भावजय बसलेली असल्यामुळे त्याने वाहिनी बदलली, एवढेच त्याने सांगितले. धाकट्याला दुसऱ्या निकालाबद्दल काही म्हणायचे नव्हते. त्यांच्या दिवसाचा आकार ठरवणारी गोष्ट वेगळीच होती, आणि ती म्हणजे शेतीपंपाची वीज.

हा मुद्दा थोडा विस्ताराने सांगायला हवा, कारण चित्रपटाचा प्राण त्यात आहे. शेतीपंपांना वीज आळीपाळीने मिळते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. लाइट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायला, म्हणजे दारं धरायला, रात्रीच जावे लागते. एक सरी भरली की खोऱ्याने दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचे, असे काम पहाटेपर्यंत चालते. उसात बिबट्याचा वावर असतो, साप असतात, आणि म्हणून रात्री एकट्याने जाऊ नये असे घरचेच सांगतात. दोन पुरुष बॅटऱ्या घेऊन रात्री अकरा वाजता एकत्र रानात निघाले तर गावात कुणीही भुवई उंचावत नाही; उलट आई दोघांसाठी भाकरी बांधून देते. शहरातील प्रेक्षकाला खेडे म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहणारी माणसे वाटतात, आणि तसे ते असतेही. पण त्या नजरेतही काही दारे कायमची उघडी असतात, हे या दोघांनी आम्हाला दाखवले. मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या लाल दिव्याच्या उजेडात, वीज जाईपर्यंतचा वेळ त्यांचा असे. महिन्यातल्या किती रात्री एकत्र मिळणार हे वेळापत्रकावर ठरे.

बोलीचेही तसेच होते. पहिल्या खर्ड्यात पात्रे ‘समलिंगी’ हा शब्द वापरत होती. तो शब्द वर्तमानपत्राचा आणि न्यायालयाचा आहे; गावात त्याऐवजी जे शब्द ऐकू येतात ते सगळे शिव्या आहेत. मुलाखतींच्या जवळजवळ नऊ तासांत दोघांनीही आपल्या नात्याला नाव दिले नाही. ते ‘आपलं’ म्हणत. “आपलं कळलं तर,” “आपलं सुरू झालं त्या साली.” धाकटा चारचौघांत थोरल्याला दादा म्हणे आणि अहो-जाहो करी, एकांतात मात्र नुसते नाव आणि अरे-तुरे. चित्रपटात प्रेमाची कबुली देणारा संवाद शेवटी उरलाच नाही, कारण ‘दादा’वरून नावावर येणे हीच कबुली होती आणि मराठी प्रेक्षकाला ती कानांनी कळते.

अडचण

असे तपशील जितके अचूक, तितका चित्रपट खरा. पण तपशील जितका अचूक, तितकी तो देणारी माणसे ओळखू येण्याची शक्यता वाढते. दोघांपैकी कुणीही घरी सांगितलेले नव्हते. धाकट्याचे लग्न एकदा ठरून मोडले होते आणि पुन्हा स्थळे येऊ लागली होती. थोरल्याच्या धंद्याची सगळी उधारी गावकीच्या विश्वासावर चालते. येथे बदनामी म्हणजे फक्त कुजबुज नसते, तर उधारी बंद होणे, सोसायटीचे कर्ज अडणे, पुतणीच्या सोयरिकीला अडचण येणे असे तिचे धागे घरभर पसरतात.

दिग्दर्शक स्वतः समलिंगी आहे आणि मोठ्या शहरात उघडपणे राहतो. त्याची तळमळ मला समजत होती. पडद्यावर आपल्यासारखी माणसे एकतर थट्टेसाठी येतात किंवा मरण्यासाठी, आणि त्यांचे रोजचे जगणे कुणी दाखवत नाही, हे त्याने लहानपणापासून सोसले होते. एकदा तरी खरे दाखवायचे, असे तो म्हणे. मात्र त्या खरेपणाची किंमत त्याच्याऐवजी दुसऱ्या दोघांनी मोजायची होती, आणि याची जाणीव त्यालाही होती.

समोर असलेले पर्याय

ऑगस्ट २०२३ मध्ये आम्ही तीन वाटांचा विचार केला. पहिली वाट सगळे काल्पनिक करण्याची होती, म्हणजे मुलाखती बाजूला ठेवून शहरातील दोन मुलांची गोष्ट लिहायची. ती सुरक्षित होती, पण अशा गोष्टी सांगणारे इतर होते आणि रात्रीच्या लाइटची गोष्ट सांगणारे कुणी नव्हते. दुसरी वाट मुलूखच बदलण्याची. विदर्भ किंवा कोकण घेतले असते तर धागा पूर्ण तुटला असता; पण मग बोली बदलते, पिके बदलतात, उसाची सरी जाते, आणि दोन्ही मुख्य नट सातारा-कोल्हापूरकडचे असल्यामुळे त्यांच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी उसनी वाटली असती.

तिसरी वाट आम्ही घेतली. तपशिलांचे दोन ढीग केले. जो तपशील मुलखाचा आहे, म्हणजे त्या पट्ट्यातील हजारो घरांत सापडेल, तो ठेवायचा. जो त्या माणसाचा आहे तो बदलायचा किंवा काढायचा. रात्रीची वीज, दारं धरणे, बिबट्या, ‘दादा’ हे मुलखाचे. थोरल्याचा धंदा, धाकट्याच्या मोडलेल्या लग्नाचे कारण, त्यांच्या पहिल्या भेटीची यात्रा हे त्यांचे. ही विभागणी मला आजही योग्य वाटते. तिच्यामुळे काही गोष्टी हातच्या गेल्या. थोरल्याच्या कामात एकाने आकडे मोजायचे आणि दुसऱ्याने हात चालवायचा अशी एक क्रिया होती. ती पडद्यावर अतिशय सुंदर दिसली असती, पण त्या तालुक्यात तो धंदा करणारे दोघे-तिघेच होते, म्हणून ती गेली.

शेवटाचा प्रश्न याच सुमारास आला. पैसे लावणाऱ्या गृहस्थांना दोघांपैकी एकाचा मृत्यू हवा होता. ते नसेल तर आईने सगळ्या भावकीसमोर मुलाला जवळ घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. प्रेक्षकाला रडल्याशिवाय हा विषय पटणार नाही, असे त्यांना मनापासून वाटत होते. दिग्दर्शकाने लिहिलेल्या शेवटात लाइट दिवसाची होते, रात्रीचे जाणे थांबते, आणि दोघे भर उन्हात, चार माणसांच्या देखत, ‘दादा’ म्हणत काम करत राहतात. हा शेवट ठेवायचा, असे ठरले. गृहस्थांनी कबूल केलेल्या रकमेपैकी निम्मी दिली, आणि बावीस दिवसांचे चित्रीकरण सोळा दिवसांवर आले. मला हा निर्णय संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत स्वच्छ निर्णय वाटतो, कारण त्याची किंमत ज्यांनी तो घेतला त्यांनीच दिली.

काय केले

सप्टेंबर २०२३ मध्ये थोरल्या-धाकट्याला शेजारच्या जिल्ह्यातील एका लॉजवर बोलावून संपूर्ण पटकथा वाचून दाखवली. दोघांनी मिळून अकरा ठिकाणी हरकती घेतल्या आणि त्या सगळ्या मान्य झाल्या. धाकट्याने एक प्रसंग स्वतःहून वाढवायला सांगितला. थंडीत पाण्यातून बाहेर आल्यावर थोरला त्याचे पाय पोत्याने पुसतो, तो. त्यानंतर दोघांनी संमतिपत्रावर सह्या केल्या. पटकथेच्या ‘वाचून दाखवलेल्या’ रूपाला ही संमती आहे, असे त्यात लिहिले होते. पुढे केलेल्या बदलांबद्दल एक अक्षरही नव्हते. हे पत्र मी तयार केले होते.

चित्रीकरण जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या तालुक्यात झाले. नटांना त्यांच्या लैंगिकतेबद्दल विचारायचे नाही, असे दिग्दर्शकाने निवडीच्या वेळीच ठरवले होते. मात्र घरी हा चित्रपट पाहिला गेला तर तुम्ही काय सांगाल, हा प्रश्न प्रत्येकाला विचारला. एका गुणी नटाने त्या प्रश्नावर आठ दिवस घेऊन नकार कळवला. तो नकार चित्रीकरणाच्या मध्यावर आला असता तर सगळेच कोसळले असते.

मोटारीच्या खोलीतील जवळिकीचा प्रसंग घेताना खोलीत पाचच माणसे होती. अशा प्रसंगांसाठी स्वतंत्र समन्वयक नेमण्याइतके पैसे नव्हते, म्हणून नाटकाच्या तालमी घेणाऱ्या एका अनुभवी बाईंना बोलावले. त्यांनी प्रत्येक हालचाल नाचाच्या पावलांसारखी बसवून घेतली, कुठे हात ठेवायचा आणि कुठे नाही हे कागदावर उतरवले, आणि दोघांपैकी कुणीही ‘थांब’ म्हटले की दिवे लावायचे, असा नियम केला. तो नियम दोनदा वापरला गेला. पडद्यावर त्या प्रसंगात उत्कटतेहून जास्त थंडी दिसते. दोन ओली माणसे एका घोंगडीत शिरतात, हसतात, कानटोपी ओढून घेतात, आणि चुंबन त्या झटापटीत येते. ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांतील बहुतेकांनी हाच प्रसंग सर्वांत खरा असल्याचे सांगितले, आणि तो खरा आहे, कारण प्रेम करणाऱ्या माणसांना थंडीही वाजते.

आता डब्याविषयी. चित्रीकरणाच्या अकराव्या दिवशी एका संध्याकाळी दिग्दर्शकाला असे वाटू लागले की थोरल्या पात्राच्या घरात धाकट्याची एकही खूण नाही. त्याने मूळच्या थोरल्याला फोन लावला. थोरला त्या दिवशी खुशीत होता. त्याने सांगितले की धाकट्याच्या आईने कधीकाळी भाकरी बांधून दिलेला स्टीलचा डबा त्याच्याकडेच राहिला आहे, आणि त्याच्यावर त्या आईचे नाव घातलेले आहे. आई वारल्यावर भांडी वाटून घेताना बहिणीने त्या डब्याची चौकशी केली होती. धाकट्याने तो हरवल्याचे सांगितले. थोरला रोज त्याच डब्यात चहापूड ठेवतो.

हे ऐकून आम्ही सगळे गप्प झालो. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची रीत आहे, त्यामुळे डबा हा तपशील मुलखाचाच आहे, असे मी म्हटले आणि तसे मला खरोखर वाटले. नाव दुसरे घालू, म्हणजे झाले. त्या रात्री प्रसंग लिहिला, दुसऱ्या दिवशी घेतला. बहिणीचे काम करणाऱ्या नटीने फोनवर विचारायचे वाक्य होते, “डबा हरवला म्हनला हुतास न्हवं?” धाकटे पात्र काही बोलत नाही, आणि पाठीमागे फळीवर डबा दिसतो.

माझी चूक येथे झाली. भांड्यावर नाव असणे मुलखाचे आहे. बहिणीने विचारणे आणि भावाने खोटे बोलणे हे एका घरातले आहे, आणि ते घर ज्याने सांगितले त्याचे नव्हे. थोरल्याने दिलेली परवानगी थोरल्यापुरती होती. धाकट्याला कुणी विचारले नाही. आम्ही घाईत होतो, सहा दिवस कमी झालेले होते, आणि प्रसंग इतका चांगला होता की विचारून नकार मिळण्याची भीती आम्हाला वाटली असावी.

परिणाम

जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले. खेड्यातील दोन पुरुषांच्या प्रेमाला कोण विचारणार, असे ज्यांनी आम्हाला ऐकवले होते त्यांतील दोघांनी त्या आठवड्यात आपणहून फोन केले. संकलनाचे अडलेले पैसे उभे राहिले. या आनंदाबरोबर घाईही आली, आणि महोत्सवांना पाठवण्यासाठी ट्रेलर बनवण्याचे काम बाहेरच्या एका संकलकाला दिले गेले. त्याने आपले काम उत्तम केले. सबंध चित्रपटातून सर्वांत धारदार वाक्य त्याने उचलले, आणि ते डब्याचे होते. कोणता प्रसंग नाजूक आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. तशी यादीच आम्ही कधी केली नव्हती. जी यादी होती ती माझ्या डोक्यात होती, आणि माझ्या डोक्यात डबा मुलखाच्या ढिगात पडला होता.

चित्रपट महोत्सवांतच दिसेल, म्हणजे शहरांत, तिकीट काढून येणाऱ्या मोजक्या माणसांना, असे आम्ही दोघांना सांगत आलो होतो. ट्रेलरला मात्र तिकीट नसते. तो फोनवरून फोनवर गेला आणि दहा दिवसांत धाकट्याच्या बहिणीपर्यंत पोहोचला. चेहरा वेगळा, गाव वेगळे, डब्यावरचे नाव वेगळे, तरीही तिला एका वाक्यात कळले, कारण ते वाक्य तिचे स्वतःचे होते.

तिने भावाला फोन करून डबा कुठे आहे, एवढेच विचारले. त्याने खरे सांगितले. ती काही न बोलता थांबली आणि फोन ठेवला. त्या वर्षीच्या भाऊबीजेला ती आली, ओवाळले, जेवली, रात्री मुक्कामही केला; दरवर्षी येणारे मेहुणे आले नाहीत. त्या विषयावर दोघांत आजवर बोलणे झालेले नाही. गावात काही पसरल्याचे दिसत नाही. बाहेरून पाहणारा म्हणेल की फारसे काही घडले नाही. धाकट्याचे म्हणणे वेगळे आहे आणि ते बरोबर आहे. बहिणीला कधीतरी सांगायचे त्याच्या मनात होते. काय म्हणायचे, कोणत्या दिवशी, कुठे बसून, हे त्याने अनेक वर्षे ठरवत आणले होते. ते सांगणे त्याच्याकडून काढून घेतले गेले. थोरल्याने दोन महिने आमचा एकही फोन घेतला नाही. आपल्या बोलण्यामुळे हे घडले, याचा त्याला झालेला त्रास आमच्यावरील रागापेक्षा मोठा होता.

ट्रेलर आम्ही त्याच दिवशी काढून घेतला आणि ते वाक्य वगळून नवा केला. जुन्या प्रती फोनांमध्ये आहेत आणि राहतील.

आज पुन्हा करायचे झाले तर

संमती एकदाच घेण्याची वस्तू नाही, हे आम्ही तोंडाने म्हणत होतो पण कागदावर आणले नव्हते. आता मी जे पत्र वापरते त्यात पाच टप्पे आहेत. मुलाखत, पटकथा, चित्रीकरणात वाढलेले प्रसंग, संकलित चित्रपट, आणि जाहिरातीचे साहित्य. प्रत्येक टप्प्यावर वेगळी सही आणि वेगळा नकार शक्य आहे. जोडप्याच्या बाबतीत दोघांशी स्वतंत्र बोलणे होते, कारण एकत्र बसवले की थोरला बोलतो आणि धाकटा मान डोलावतो. हे सगळ्याच जोडप्यांत थोडेफार असते.

तपशिलांचे दोन ढीग करण्याची पद्धत मी सोडलेली नाही, पण वस्तूपेक्षा तिच्याभोवतीचे बोलणे आधी तपासते. डबा, घोंगडी, बॅटरी यांवरून कुणी ओळखू येत नाही. कुणी कुणाला काय विचारले आणि त्यावर काय उत्तर मिळाले, यावरून घरचा माणूस अंधारातही ओळखतो. म्हणून आता माझा प्रश्न असा असतो की हे वाक्य मुळात कुणी ऐकले होते, आणि ते माणूस हा चित्रपट पाहू शकेल का. गावकऱ्यांना कळेल का, या प्रश्नात आम्ही इतके गुंतलो होतो की एकट्या बहिणीचा विचार कुणी केला नाही. नाजूक प्रसंगांची लेखी यादी आता संकलक, ट्रेलर करणारा आणि भित्तिपत्रक करणारा या सगळ्यांच्या हाती पहिल्या दिवशी जाते, त्यात माणसांची नावे नसतात, फक्त प्रसंगांचे क्रमांक असतात.

एका गोष्टीबद्दल माझे आणि दिग्दर्शकाचे अजून एकमत नाही. धाकट्याला त्या रात्री फोन केला असता आणि त्याने नाही म्हटले असते, तर दुसरी खूण सापडली असती, असे मला वाटते. दिग्दर्शकाला वाटते की तशी खूण दुसरी नव्हती. तो चित्रपटाच्या बाजूने विचार करतो आणि तसा विचार करणारे कुणीतरी असावेच लागते. पण त्या रात्री दुसऱ्या बाजूने बोलायचे काम माझे होते.

चित्रपट प्रमाणन मंडळाकडे पाठवण्याआधी आम्ही संपूर्ण चित्रपट दोघांना वेगवेगळा दाखवला आणि डब्याचा प्रसंग ठेवायचा की नाही, हे त्यांच्यावर सोपवले. दोघांचा होकार आला तरच ठेवायचा, असे ठरले होते. धाकट्याने आठवडा घेतला आणि ठेवा म्हणून सांगितले. बहिणीला कळायचे ते कळले, आता तो प्रसंग तरी लोकांनी बघावा, असे तो म्हणाला. थोरल्याने नको म्हटले. प्रमाणपत्रासाठी गेलेल्या प्रतीत तो प्रसंग नाही. थोरल्या पात्राच्या घरात आता धाकट्याची एकही खूण दिसत नाही, आणि फळी रिकामी आहे.